बोटभर कमी गळा

माझ्या सासऱ्यांसारखा आतल्या गाठीचा माणूस मी जन्मात पाहिला नाही. त्यांना आम्ही मामा म्हणतो. जुन्या जालन्यात आमचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना आहे. कटिंगचं टेबल मामांचं आणि सुनांनी काजं-बटनं करायची, हा घरचा कायदा. मी कॉम्प्युटरवर फर्मे, म्हणजे कापड बेतायचे साचे, काढायला शिकून आले, तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले, "घनसावंगीच्या शाळेची ऑर्डर तू काढ. जमलं तर टेबल तुझं. न्हाई जमलं, तर मंग जन्मभर बटनं लाव."

मला ते टेबल हवंच होतं. भिंतीवर टांगलेले त्यांचे खाकी कागदाचे फर्मे मी उतरवले, एकेकाचा फोटो घेतला आणि सॉफ्टवेअरमध्ये कडा जशाच्या तशा आखल्या. मामा समोर सुपारी कातरत बसले होते. सगळं बघत होते. नमुन्याचा शर्ट हँगरवर झकास दिसला. तेव्हाही ते सुपारीच कातरत राहिले.

सगळा माल शिवून शाळेत पाठवला आणि आठवड्याभरात गाठोडी जीपनं परत आली. एकाही पोराच्या गळ्याचं बटन लागत नव्हतं.

मामा चक्क हसले. "फर्मा चोरला तर चोर फसावा, म्हणून गळा मी बोटभर कमीच ठेवतो. कापडावर आखताना तेवढा वाढवून घेतो. तू इचारलं का मला?"

म्हणजे घरची सून चोर! माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण रडले नाही. फाइलीत गळा वाढवला, तो सगळ्या मापांचा एका दमात वाढला. जुन्या कॉलरी उसवल्या, गळे मोठे कापले, नव्या कॉलरी लावल्या. शाळेनं माल ठेवून घेतला. शब्द चारचौघांत दिलेला, त्यामुळे मामांना टेबल सोडावं लागलं. आता बटनं ते लावतात. ते बघून मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

हल्ली धाकटी जाऊ कॉम्प्युटर शिकतेय. तिचाही डोळा टेबलावर आहे. म्हणून फाइलींतला गळा मी पुन्हा बोटभर कमी करून ठेवलाय. छापायच्या आधी तेवढा वाढवून घेते.

परवा तिनं वाटूरच्या शाळेची फाइल स्वतःच उघडली आणि कागद छापायला लावले.

"अक्का, बराबर हाय ना?" तिनं विचारलं.

मामांनी बटनावरून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"बिलकुल बराबर," मी म्हणाले.