मंगळवारचं गिऱ्हाईक

माझी धाकटी जाऊ लोकांच्या दुःखाचं काम करायची. आता ती नाही, तरी तिच्याबद्दल सांगताना माझा सूर वाकडाच लागतो, त्याला माझा इलाज नाही. कुणाच्या घरी मयत झाली की तेराव्यापर्यंत माणसांची रीघ असते, चौदाव्या दिवसापासून कुणी फिरकत नाही. ही बया चौदाव्या दिवशी जायची. परभणीला एका संस्थेत तिनं त्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं, गळ्यात ओळखपत्र होतं, पण सगळा कारभार एवढाच की चटईवर बसायचं, गेलेल्या माणसाबद्दल विचारायचं आणि ऐकायचं. समोरचं माणूस एक शब्द बोललं नाही तरी तासभर बसून राहायची. नुसतं बसायला शिक्षण कशाला लागतं, असं मी पेडगावात चार बायकांना तरी बोलून दाखवलं होतं.

मयताच्या घरून उठताना आपल्याकडं 'येते' म्हणत नाहीत. गुपचूप उठायचं, पदर सावरायचा आणि चपला घालायच्या. तसल्या कारणानं त्या घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये म्हणून. ही मात्र उंबऱ्यात उभी राहून खणखणीत सांगायची, "येते. गुरुवारी येते." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा त्या घरच्या म्हातारीनं तिला फाडफाड बोलून घेतलं. ही गुरुवारी पुन्हा हजर. त्याच्या पुढच्या गुरुवारी तीच म्हातारी ओट्यावर बसून वाट बघत होती, असं तिनंच जेवताना सांगितलं. पुढं तिनं आणखी बायका तयार केल्या, ज्यांच्या स्वतःच्या घरात असं काही झालेलं होतं अशा. त्यांनाही तिचा हाच नियम होता. उठताना वार सांगायचा आणि सांगितलेला वार चुकवायचा नाही.

ती सकाळी एसटीनं नाहीतर जीपनं निघून जायची आणि भाकरी मी थापायची. तिच्या लेकरांचे डबे मी भरायचे. दारात कुणी आलं की विचारायचं, "ताई हाईत का?" ताई म्हणजे ती. घरात थोरली मी, पण मला ताई म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मी शिलाईचं काम करते, पुढच्या खोलीत माझं मशीन असतं, त्यामुळं हे सगळे येणारे-जाणारे मला मशीनवर बसून बघावे लागायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. तिचे ब्लाउज मीच शिवायची आणि दंडात अर्धं बोट घट्ट ठेवायची. तिच्या दंडावर वळ उठायचा. "छान बसला, अक्का," म्हणायची आणि तोच घालून निघायची.

माझी लेक नऊ वर्षांची होऊन गेली. तापाचं निमित्त झालं, चौथ्या दिवशी संपलं. त्या वेळी जाऊ अजून या कामात नव्हती. तेरा दिवस ती माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली, पण तिच्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. मला वाटलं, हिला काही वाटतच नाही. वर्षभरानं तिनं परभणीचं ते शिक्षण घेतलं आणि लोकांच्या घरी जायला लागली. मग पाच-सहा वर्षांनी पाथरीला तिचा सत्कार झाला. आम्ही सगळे जीप करून गेलो, मी तिसऱ्या रांगेत बसले. शाल-नारळ झाल्यावर ती बोलायला उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या घरातलं एक लेकरू गेलं. माझ्या थोरल्या जाऊबाईंची लेक. मी त्यांच्याजवळ बसले, पण काय बोलावं ते मला कळलं नाही. या कामाची सुरुवात तिथून झाली."

लोकांनी माना वळवून माझ्याकडं बघितलं. मला शाल पण तिचीच दिसत होती आणि लेक पण. माझी पोरगी गेली, त्यातून हिला काम मिळालं, नाव मिळालं, गावोगावी ओळखी मिळाल्या. मला काय मिळालं? घरी आल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"ती माजी लेक व्हती," मी म्हणाले. "तुज्या भाषनासाठी न्हाई जल्मली ती. पुन्ना तिचं नाव तुज्या तोंडातनं आलं तर बघ."

तिनं शालीची घडी केली, फडताळात ठेवली. "न्हाई येनार, अक्का," म्हणाली.

आणि खरंच आलं नाही. शब्दाची इतकी पक्की होती की मला अजून त्याचा राग येतो. तिनं तो शब्द मोडावा असं मला वाटायचं. रात्रीची भांडी घासताना आम्ही दोघीच असायचो, ती राखेनं तवा घासायची आणि मी मनात म्हणायची, विचार ना, एकदा तरी विचार. माझी लेक कशी बोलायची, काय खायची, झोपेत कुणाला हाक मारायची, हे सांगायला मला कुणीतरी हवं होतं. घरधनी विषय काढला की उठून जायचे. ही जिल्हाभर विचारत फिरते आणि मलाच विचारत नाही, यानं माझा जळफळाट व्हायचा. आता मीच बंदी घातली होती हे खरं, पण ते कबूल करण्याइतकी शहाणी मी तेव्हा नव्हते.

सत्काराला तीन-चार महिने झाले असतील. एका मंगळवारी दुपारच्या पॅसेंजरनं एक बाई आली. माझ्याच वयाची, हातात पिशवी. म्हणाली, "मी पिंगळीहून आले. ब्लाउज जरा सैल करायचा हाय."

पिंगळीहून! मध्ये अख्खं परभणी टाकून ही बाई माझ्याकडं आली, याचा मला इतका आनंद झाला की मी तिला आधी चहा पाजला. पुढच्या मंगळवारी तोच ब्लाउज घट्ट करायचा होता. त्याच्या पुढच्या मंगळवारी हुक बदलायचे होते. मी म्हटलं, असतात काही बायका चोखंदळ. काम होईपर्यंत ती शेजारी बसून राहायची आणि जाताना म्हणायची, "येते. मंगळवारी येते." गिऱ्हाईक असंच म्हणतं, त्यात मला वेगळं काय वाटणार?

चौथ्या की पाचव्या खेपेला ती दोऱ्याची रिळं बघत होती, तेव्हा मशीनच्या खणातला पिवळा फ्रॉक तिच्या हाताला लागला. ताप यायच्या आदल्या दिवशी मी तो शिवायला घेतला होता. खालची दुमड तेवढी राहिली होती, ती तशीच ठेवली आहे.

"कुनाचा हाय हा?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळं मला थांबताच येईना. मग दर मंगळवारी ती एखादी गोष्ट विचारायची आणि मी मशीन चालवत सांगायची. पोरगी माझा खडू चोरून ओट्यावर कोंबड्या काढायची. तिला वरणात लिंबू लागायचं. डोळ्यात पाणी आलं की मी दोरा ओवायला सुई डोळ्यांजवळ धरायची, आणि ती बाई खिडकीबाहेर बघायची. मंगळवारी संध्याकाळी मला भूक लागायची, झोप यायची.

हे मी जावेला मुद्दाम ऐकवलं. "तुला जिल्हाभर हिंडावं लागतं," म्हटलं. "मला बग, लोक पिंगळीहून हुडकत येतात."

ती भाकरी थापत होती. "तुमचा हातच तसा हाय, अक्का," म्हणाली आणि हसली. मी जिंकले होते. निदान एक माणूस तरी माझं होतं, जे ताईला विचारत आलेलं नव्हतं. चार वर्षं असे मंगळवार गेले.

मागच्या वर्षी तिला पोटाचा कॅन्सर निघाला. परभणीच्या दवाखान्यात तिला मीच न्यायची. पहिल्यांदा तारीख मंगळवारची मिळाली, तर हिनं हट्टानं बुधवारची करून घेतली. म्हणाली, "मंगळवारी तुमचं गिऱ्हाईक असतंय." मला वाटलं, हिला माझ्या धंद्याची किंमत कळली शेवटी. तिचे ब्लाउज आता तिला ढगळ व्हायला लागले. दर पंधरा दिवसांनी मी बाजूनं टिपा मारून बारीक करायची. दंडात घट्ट ठेवण्यासारखा दंडच राहिला नव्हता. लेकीचा विषय तिनं शेवटपर्यंत काढला नाही.

ती गेली त्या दिवशी ओट्यापुढं चपला मावेनात. जिथं जिथं ती बसून आली होती तिथून माणसं आली होती, ओळखीची नाहीत अशी, आणि आपल्या घरचं गेल्यासारखी रडत होती. माझ्या लेकीच्या वेळी गल्लीबाहेरचं कुणी आलं नव्हतं. अशा दिवशी सुद्धा मी हे मनात धरलं, हे मी लपवत नाही.

तेरावा झाला, माणसं यायची थांबली. पुढच्या मंगळवारी पिंगळीची बाई आली. आज तिच्या हातात पिशवी नव्हती. ती माझ्याजवळ चटईवर बसली. मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही, तासभर तशीच बसून राहिली. मग उठली, उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "येते. मंगळवारी येते."

मयताच्या घरातून उठताना. असं बोलायला कुणी शिकवलेलं असतं ते मला चांगलं माहीत होतं.

"तुला तिनं धाडलं व्हतं," मी म्हणाले.

ती परत येऊन खाली बसली. तिचाही पोरगा गेला होता, हे तिनं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. "मला बोलतं त्यांनीच केलं," म्हणाली. "मग एकदा म्हनल्या, अक्का माज्यापाशी बोलनार न्हाईत आन मी बी शब्द दिलाय. तुमी जा. ब्लाउज घिऊन जा, नुसतं गेलात तर हाकलून देतील."

"आन मी काय बोलायची ते तिला सांगायचीस?"

"न्हाई. त्यांनी कदी इचारलं न्हाई. अक्का जेवल्या का आज, एवढंच इचारायच्या फोनवर."

मी मशीनच्या कडेला धरून बसले. अख्ख्या जगात एक माणूस माझं स्वतःचं होतं, तेही तिचंच निघालं. पिंगळीहून हुडकत येतात म्हणून मी तिला टोमणे मारले, आणि ती भाकरी थापत हसत होती. मला इतका संताप आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले तिच्याशी भांडायला. तिथं परात पालथी होती. मला त्या क्षणी ती हवी होती, फक्त भांडायला तरी, आणि ती वार न सांगता निघून गेली होती.

बाहेर आले तर पिंगळीची बाई उंबऱ्यात चपला घालत होती, मान खाली घालून.

"मंगळवारी ये," मी म्हणाले. "पन ब्लाउज घिऊन ये. रिकाम्या हातानं यायचं न्हाई माज्याकडं."