विमानाच्या नाकाला लांबी

परदेशातली कंपनी आपल्या देशात पैसा का घालते, आणि घालायचा नसला तर का घालत नाही, हे मला तेव्हा समजलं नाही आणि आजही समजलेलं नाही. पेपरात ‘संरक्षण उद्योगात परकीय गुंतवणूक’ असा मथळा दिसला की मी सरळ पान उलटते. त्या मथळ्यावर माझा राग आहे.

मी तेव्हा रोह्याला शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझ्या थोरल्या भावाची, दादाची, तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एक शेड होती. आम्ही मूळचे जोह्याचे, गणपतीवाले. मूर्तींसाठी फायबरचे साचे करता करता दादा केमिकल कंपन्यांना फायबरच्या टाक्या करून द्यायला लागला, आणि काही वर्षं बरं चाललं. मग बाहेरून तयार टाक्या स्वस्तात यायला लागल्या. मस्कतहून त्याला एका मित्राचं बोलावणं आलेलं होतं. इथं काही जमलं नाही तर शेड विकून तिकडे जायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. दादानं लग्न केलं नव्हतं आणि वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणजे तो गेला की जोह्याच्या घरात आई एकटी.

अशात कुठून तरी एक मध्यस्थ उगवला. ऐन उन्हाळ्यात कोट घालून आला, तेव्हाच मला तो आवडला नव्हता. त्यानं सांगितलं ते असं: आपलं सरकार परदेशी कंपनीकडून लढाऊ विमानं वगैरे घेतं, तेव्हा काही काम इथल्या कारखान्यांना द्या, अशी अट घालतं. तशी एक कंपनी इथं लहान भागीदार शोधते आहे. बिनवैमानिकाच्या विमानाला पुढून फायबरचं नाक लागतं. ते इथं होईल, आणि दादाच्या शेडमध्ये ते लोक स्वतःचा पैसा घालतील.

“मग मालक कोण?” दादानं विचारलं.

“दोघंही,” मध्यस्थ म्हणाला. मग किती हिस्सा आपोआप चालतो, कितीच्या वर गेला की दिल्लीची परवानगी लागते, हे त्यानं इतकं समजावलं की शेवटी मला ‘हिस्सा’ या शब्दाचाही अर्थ लागेना. कंपनीच्या इंग्रजी कागदांची दुभाषी मीच होते. सगळं माझ्या तोंडून जात होतं आणि डोक्यात काही राहत नव्हतं.

आईला मी भागीदार समजावायला गेले, तर ती म्हणाली, “म्हंजे घरजावई का गो?”

“तसंच समज.”

“आनि त्या विमानात मानूस बसत नाय?”

“नाही.”

“मग ते पडलं तर कुनाला लागतं?”

मी ‘बघू’ म्हणाले आणि विषय बदलला.

कंपनीनं नमुन्यासाठी फायबरचं कापड आणि रसायन पाठवलं आणि अट घातली: नाक साच्यातून निघेल तसंच दाखवायचं, म्हणजे कामातली खोट लपणार नाही. घासायचं नाही, भरायचं नाही, रंग द्यायचा नाही. मी ते मराठीत लिहून शेडच्या भिंतीवर चिकटवलं. दादानं तीन नाकं काढली. सुईच्या टोकाएवढी चार-दोन भोकं सोडली तर ती चांगलीच होती, आणि तेवढी चालतील असं मध्यस्थानंच फोनवर सांगितलं होतं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आई एसटीनं रोह्याला आली. पाहुण्यांचं जेवण तिलाच करायचं होतं. मी शाळेत होते, दादा सामान आणायला नागोठण्याला गेला होता. आईनं शेडमध्ये ती नाकं पाहिली.

आता हे जोह्याबाहेरच्या माणसाला कसं सांगावं? आमच्याकडे बायकांचं अर्धं आयुष्य मूर्तीच्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरण्यात आणि पाणीपेपरनं घासण्यात जातं. साच्याचा सांधा दिसला, कुठं भोक राहिलं, तर त्या कारखान्याची पंचक्रोशीत शोभा होते. मूर्ती उघडीवाघडी गिऱ्हाइकासमोर ठेवणं म्हणजे उष्ट्या ताटात पाहुण्याला वाढणं. आईनं भिंतीवरचा माझा कागद वाचला नाही, कारण तिला वाचता येत नव्हतं. तिनं लांबी भिजवली आणि संध्याकाळपर्यंत बसून तिन्ही नाकं अशी केली की हात घसरावा.

दादा परत आला, त्यानं नाकांवरून हात फिरवला आणि भिंतीवरचा माझा कागद काढून खिशात घातला. पुन्हा नाकं काढायला वेळही नव्हता आणि कापडही.

दुसऱ्या दिवशी वडखळच्या कोंडीत अडकून पाहुणे उशिरा पोचले. पाहणी करणारी इंजिनिअर एक वयस्कर बाई होती. तिनं नाकावरून अंगठा फिरवला. खिशातून नाणं काढून सगळीकडे टिकटिक वाजवलं, आत कुठं पोकळ आहे का ते कान देऊन ऐकलं. मग म्हणाली, “ब्यूटिफुल.” आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं.

मध्यस्थ माझ्या कानाशी आला. “सांगा, एका कामगारानं केलं. त्याला काढून टाकलंय.”

मी दादाकडे पाहिलं. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. “आईनं केलंय म्हणून सांग,” तो म्हणाला. “माझ्या आईनं.”

मी तसं सांगितलं. बाईनं आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि नीट पाहिले. पुढं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी तिनं मागून मागून खाल्ली. आता ही बाई खूश आहे की नाही, हे कुणी ओळखावं? इंग्रजी शिकवणाऱ्या मला ओळखता आलं नाही.

ते गेल्यावर टेबलावर अॅल्युमिनियमची एक बाकदार पट्टी राहिलेली दिसली. नाकाचा बाक जुळतो का, हे बाईनं तिच्यावरच पाहिलं होतं. आईचा चेहरा उजळला. आमच्याकडे मूर्ती पसंत पडली की गिऱ्हाईक घरचा पाट कारखान्यात ठेवून जातं. त्याच पाटावर त्याचा गणपती बसतो. पाट ठेवला की बोलणं पक्कं, मग कागद लागत नाही.

“पाट ठेवून गेली बाय,” आई म्हणाली आणि तिनं त्या पट्टीला कुंकू लावलं. दादा हसला. खरं सांगते, मलाही ते पटलं. पटावं असं फार वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात मध्यस्थाचा माणूस पट्टी न्यायला आला. आईनं पदरानं कुंकू पुसून ती त्याच्या हातात दिली. नंतर फोन आला की सध्या नको. का नको, ते मी तीनदा विचारलं. एकदा तो म्हणाला हिश्श्याचं जमत नाही, एकदा म्हणाला रस्ता खराब आहे, एकदा म्हणाला बाहेरची धोरणं बदलली. लांबीचं नाव त्यानं काढलं नाही. त्यामुळे आजही मला माहीत नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

शेड विकली गेली. दादा मस्कतला निघाला त्या सकाळी जोह्याच्या घरासमोर गाडी उभी होती. आई त्याच्या शर्टाची कॉलर सारखी करत होती, ती करता करता थांबली.

“खरं सांग. मी ती भोकं भरली नसती, तर र्‍हायला असतास?”

“नाय गो आई. दिल्लीचे नियम आडवे आले.” तो माझ्याकडे वळला. “व्हय ना गो?”

मी मान डोलावली. आईनं माझ्याकडे बघितलंही नाही.

“चांगलं दिसावं म्हनून नाय भरली रे,” ती म्हणाली. “तू र्‍हावास म्हनून भरली.”

दादा पाणी प्यायचं आहे म्हणून घरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला.