गोल्ड कार्डाचा टंच

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या धंद्यात केर साठतो तसे! आम्ही गलाईवाले. विट्याच्या आसपासच्या गावांतून बाहेर पडून देशभर सोनं-चांदी वितळवायची, शुद्ध करायची दुकानं थाटलेली माणसं. माझं दुकान कोइमतूरला, माझ्या थोरल्या चुलत्यांचं, बापूंचं, गुवाहाटीला. दुकानातला केर आम्ही कधीच बाहेर टाकत नाही, कारण त्यात सोन्याचे कण असतात. पोत्यात भरून ठेवायचा आणि वर्षाकाठी भट्टीत घालायचा. तसंच विमान पकडायला पुण्याला जाताना शिरवळला चहाला गाडी थांबली की एकेकाचं किश्श्यांचं पोतं सुटतं.

हल्ली त्यात विमानतळावरचा लाऊंज फार. सारखं उडणाऱ्या गिऱ्हाइकाला विमान कंपनी आधी सिल्व्हर आणि मग गोल्ड कार्ड देते. गोल्डवाल्याला लाऊंजमध्ये चहा-नाश्ता, जेवण, गुबगुबीत खुर्ची, सगळं फुकट! वर सोबत एक पाहुणाही चालतो. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. पण जो माणूस जन्मभर दुसऱ्याच्या सोन्याचा टंच काढतो, त्यात काय मिसळलंय ते शोधतो, तो फुकटच्या इडलीत काय मिसळलंय ते शोधणारच ना!

*

आमच्यात सगळ्यांत संशयी बापू. निम्म्या गावाला धंद्याला लावलं त्यांनी, पण विश्वास एकावरही टाकला नाही. दुकानात नवा माणूस आला की केर काढायच्या आधी बापू खुर्चीखाली सोन्याचा एक बारीक मणी टाकून ठेवत. माणूस तो आणून देतो की गपचूप खिशात घालतो, ते बघायचं. मीही या परीक्षेतून गेलोय. तो मणी आजही बापूंच्या बंडीच्या खिशात असतो.

गुवाहाटीचं दुकान खरं तर त्यांचा भाचा संजू सांभाळतो. मिसरूड फुटल्यापासून तिथंच राबतोय, आता कानावरचे केस पांढरे व्हायला लागले. बापूंचे गुडघे गेले, ते गावी असतात. पण तिजोरीची मुख्य किल्ली बापूंच्या करदोड्याला! संजूला ती द्यायची की दुकान सरळ विकून टाकायचं, हे बापूंचं काही ठरत नव्हतं. विकलं असतं तर संजू रस्त्यावरच आला असता.

अशात संजूला गोल्ड कार्ड मिळालं. बिचारा हौसेनं मामाला दाखवायला गेला.

बापूंनी कार्ड उलटंसुलटं केलं, कोनाड्यातला कसोटीचा दगड काढला आणि कार्डाची कड त्यावर घासली!

"आवं मामा, नावाचं गोल्ड हाय त्ये!"

"नावाचंच दिसतंय. पितळंचा सुदीक अंश न्हाई. आन् ह्ये घिऊन काय करायचं?"

"लाऊंजमदी बसायचं. फुकट जेवाय घालत्यात."

बापूंचा चेहराच बदलला. संजू गेल्यावर मला जवळ बोलावून म्हणाले, "ही विमानवाली पान्याच्या बाटलीला पैसं घेत्यात. ती ह्याला फुकट जेवाय घालत्यात? आरं, ह्यानं आपल्याकडचं काय दिलंय त्यास्नी?"

मी बरंच समजावलं. शेवटी बापूंनी विचारलं, "तुलाबी मिळालंय व्हय रं कार्ड?"

मी हो म्हटलं. त्या दिवसापासून बापू माझ्याकडंही तसंच बघायला लागले!

*

माझ्या दुकानाची राखण करायला एक सुभेदार आहेत. रहिमतपूरचे, फौजेतून रिटायर झालेले. एकदा मी त्यांना पाहुणा म्हणून लाऊंजमध्ये नेलं. दारातच थबकले.

"साहेब, ही ऑफिसर लोकांची मेस तर न्हवं? मागनं लफडं नको."

"सुभेदार, बिनधास्त चला."

आत आले, पण बसेनात. भिंतीला पाठ लावून उभे राहिले, दोन्ही दारं दिसतील अशा जागी. एवढ्यात समोरून एक माणूस आला. ढगळ हाफ पँट, पायात स्लिपर, केस पिंजारलेले, हातात ज्यूसचा ग्लास. सुभेदारांनी त्याला असा कडक सॅल्यूट ठोकला की त्याच्या हातातला ज्यूस सांडला!

मी ओढूनच खाली बसवलं. "अहो, कोण आहे तो?"

"मला काय म्हाईत? पर सगळी बूट-सूट घालून बसल्यात आन् ह्यो एकटाच चड्डीवर फिरतोय. म्हंजे ह्योच कमांडिंग ऑफिसर!"

*

दुसरे आमचे अण्णा. सांगलीकडचे जैन, चांदीचे व्यापारी. गोल्डच्याही वरचं प्लॅटिनम कार्ड त्यांच्याकडं, पण लाऊंजमधलं काही म्हणजे काही खात नाहीत. घरचा डबा आणतात. सूर्य मावळला की पाणीसुद्धा वर्ज्य.

"मग लाऊंजमध्ये येता कशाला, अण्णा?"

"न्हाई आलो तर कंपनी म्हणंल, ह्या माणसाला गरज न्हाई, कार्ड काढून घ्या! हक्क हाय तो दाखवत ऱ्हायाचा."

एकदा संध्याकाळी आम्ही दोघं बसलो होतो. अण्णांनी डबा उघडला आणि इकडंतिकडं बघायला लागले. त्या लाऊंजला खिडकीच नव्हती. अण्णांना लगेच संशय आला.

"मुद्दाम ठेवली न्हाई बग. मानसाला येळ कळू ने, खात बसावं, विमान चुकावं आन् दुसरं तिकीट काढावं!"

मी मोबाईलवर सूर्यास्ताची वेळ काढून दाखवली. अण्णा म्हणाले, "मोबाईल काय डोळ्यानं बघतोय व्हय? तू भाईर जाऊन बग."

मोठ्या माणसाचा शब्द. मी माझी भरलेली ताटली तशीच ठेवून बाहेर गेलो, टर्मिनलच्या काचेतून बघितलं. सूर्य अजून होता. धावत परत आलो, तर दारातली मुलगी म्हणाली, "सर, एकदा बाहेर गेलात की त्याच कार्डावर परत आत येता येत नाही."

मी दारातूनच हातानं गोल करून अण्णांना दाखवलं, सूर्य आहे म्हणून. अण्णांनी हात जोडले आणि निवांत जेवायला बसले. माझी ताटली समोर तशीच! जेवण झाल्यावर बाहेर येऊन मलाच म्हणाले, "आन्न टाकून भाईर का बसलास रं?"

*

संशयाच्या बाबतीत आमच्या घरच्या मंडळीही मागं नाहीत. एकदा सकाळी बायकोचा फोन आला. मी म्हटलं, लाऊंजमध्ये आहे. तेवढ्यात मागून गोड आवाज आला, "सर, कुछ और लेंगे?" आणि ग्लास किणकिणले.

पलीकडून हुकूम आला. "व्हिडिओ कॉल करा."

केला.

"कॅमेरा फिरवा."

फिरवला. बुफे दाखवला, खुर्च्या दाखवल्या, ती वेट्रेस दाखवली, कोपऱ्यातलं झाडसुद्धा दाखवलं. लोक बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांबा! जरा मागं घ्या. त्या झाडामागं कोण बसलंय?"

मी वळून बघितलं. आमच्या शेजारच्या गल्लीतला पोपट! दुकान सोडता येत नाही म्हणून यंदा गावच्या यात्रेला येणार नाही, असं घरी सांगून अमृतसरला बसलेला. निदान घरी तरी तसंच माहीत होतं! आता पुण्याच्या लाऊंजमध्ये झाडाआड बसून डोसा खात होता.

बायको म्हणाली, "तुम्ही ठेवा आता. मला त्याच्या बायकोशी बोलायचंय."

चौकशी माझी चालली होती, सापडला दुसराच. पोपट त्या दिवशी कुठं निघाला होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही. यात्रेत मात्र तो पालखीच्या पुढं होता!

*

आता शेवटचा. हाही मी डोळ्यांनी बघितलाय.

बापूंनी एक दिवस ठरवलं, आपण स्वतः संजूबरोबर गुवाहाटीला जायचं. आठवडाभर बघायचं आणि मग एकदाच काय तो निकाल लावायचा. किल्ली, नाहीतर विक्री. संजू गाडीत गप्प गप्पच होता. माझंही कोइमतूरचं विमान त्याच सुमाराला होतं, म्हणून तिघं एकदमच लाऊंजमध्ये शिरलो. बापू संजूच्या कार्डावर, मी माझ्या.

बापू खुर्चीच्या कडेवर बसले, पिशवी मांडीवर. संजूनं उप्पीट आणून दिलं. बापूंनी वास घेतला, कणभर जिभेवर ठेवलं.

"मीठ बराबर हाय," ते पुटपुटले. "फुकटच्याला येवढं मीठ कोन बघून घालतंय?"

संजू चहा आणायला गेला तसे ते माझ्याकडं वाकले. "दुकानात त्येला ठाव आसतंय, मामा परीक्षा घेनार म्हनून. हितं गडी बेसावध हाय." आणि बंडीच्या खिशातून तो मणी काढून त्यांनी संजूच्या खुर्चीखाली सोडला!

सांगावं तर बापूंशी बेइमानी, न सांगावं तर संजूच्या आयुष्याचा प्रश्न. मी नुसता बसून राहिलो.

संजू आला. चहा दिला. खाली वाकून बुटाची नाडी बांधली. एसीचा गारठा होता म्हणून बापूंच्या खांद्यावरची शाल नीट करायला लागला. बापूंनी त्याचा हात धरला.

"खिशाकडं हात कशाला रं?"

"शाल सरळ करतुया मामा. गार हाय हितं."

मग तो हात धुवायला गेला. तेवढ्यात सफाईची बाई आली, तिनं सराईतपणे त्याच्या खुर्चीखालून, दोन-तीन रांगांतून झाडू फिरवला आणि केर सुपलीत घेऊन निघाली. बापू गुडघे विसरून उठले!

"ए बाई! केर कुठं न्हेतीस?"

"कचऱ्यात, आजोबा."

"केर? आन् कचऱ्यात?"

सगळा लाऊंज बघायला लागला. बापूंनी तिच्या हातातून सुपली घेतली, टेबलावरचं वर्तमानपत्र फरशीवर पसरलं, त्यावर केर ओतला आणि मांडी घालून बोटानं निवडायला बसले. मॅनेजर धावत आला. "सर, कुछ खो गया क्या?"

बापू कशाला सांगतात! "न्हाई. बगतोय नुसतं."

मणी काही दिसेना. बापूंचा चेहरा दगडासारखा होत चालला. मला कळत होतं, ते काय समजायला लागलेत. दुकान विकलं गेलं, संजू रिकाम्या हातानं गावी आला, इथपर्यंत मी मनात पोचलो. तेवढ्यात संजू परत आला. मामाला फरशीवर बघून शेजारीच उकिडवा बसला.

"मामा, काय हुडकताय?"

"काय न्हाई."

"मनी व्हय?" तो हळूच म्हणाला. "मी मगाशीच उचलला. शाल सरळ करताना तुमच्या खिशात टाकला. चारचौघात कशाला बोलायचं, म्हनून गप ऱ्हायलो."

बापूंनी खिसा चाचपला. मणी होता!

बापूंचे डोळे भरले, मी बघितले. ते लपवायला पुन्हा केरात बोट फिरवायला लागले आणि बोट एकदम थांबलं. केरातून आणखी एक मणी निघाला. सोन्याचाच, तसाच बारीक.

बापू माझ्याकडं वळले. "तू टाकलास व्हय रं?"

"देवाशपथ न्हाई, बापू!"

बापूंनी तो मणी चिमटीत धरून वर केला आणि डोळे बारीक करून सबंध लाऊंजवर नजर फिरवली. पार पलीकडच्या रांगेत एक म्हातारा खुर्चीच्या कडेवर बसला होता. पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी, चेहरा उतरलेला. शेजारी कानात इअरफोनची बोंडं घालून एक जीन्सवाला गाढ झोपला होता. म्हातारा दबकत दबकत आमच्यापाशी आला.

"पावनं, जरा हळू," तो कुजबुजला. "त्यो आमचा हाय."

बापूंनी त्याच्याकडं बघितलं, मग त्या झोपलेल्याकडं. "कोन? पोरगा?"

"जावय."

बापूंनी मणी त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटली. संजू उरलेला केर परत सुपलीत भरत होता. बापूंचा हात करदोड्याकडं गेला आणि सगळ्या लाऊंजला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"आमचा पास झाला!"