बोकडाच्या दाढीचा गळ

सासऱ्यांचा उजवा हात लुळा पडला, त्या वर्षी मी गळ बांधायला शिकले. त्याआधी माझा माशांशी संबंध चुलीपुरताच. धारूरच्या घाटाखाली आमची वस्ती, जवळच पाझर तलाव. काठानं शेळ्या चरायच्या आणि सासरे गळाला गांडूळ लावून बसायचे. मरळ धरावी तर त्यांनीच, असं सगळे म्हणायचे.

अर्धांगाच्या झटक्यातून पाय बऱ्यापैकी सावरले, हात सावरला नाही. एका हातानं गांडूळ ओवता येईना, म्हणून मी ओवून देऊ लागले. दोन दिवसांनी ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. कुणीतरी घास भरवतंय असं वाटतं." त्यांनी गळाची काठी छपरात खोचून टाकली.

ती काठी मला रोज दिसायची. गांडूळच लागणार नाही असा गळ असतो का, म्हणून मी फोनवर शोधत बसले. एका व्हिडिओत कुणी परदेशी माणूस गळाला जनावराचे केस बांधत होता. त्याची भाषा कळत नव्हती, पण बोटं कळत होती. मी पंधरा वर्षं ब्लाऊज शिवतेय. दुसऱ्याचे हात बघूनच शिकले.

जुन्या जाळ्याचं शिसं काढून ते पकडीनं गळाच्या दांड्यावर दाबून बसवलं. केस आमच्या काळ्या बोकडाच्या दाढीचे. मशीनच्या दोऱ्यानं ते आवळले आणि गाठीवर लेकीचं नखपॉलिश लावलं. नवरा गोठ्यातून ओरडला, "बोकड कावून भादरलास गं?"

पहिला गळ सासऱ्यांसमोर पाण्याच्या बादलीत सोडला. ते वाकून म्हणाले, "केस लई झाले. झाडू दिसतोय, झाडू." मी उसवला. दुसऱ्याचे केस ओढताच हातात आले. तिसऱ्याला केस निम्मे घेतले आणि दोरा दातात धरून आवळला. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, जरा उचलून ढिली सोडली, तसे केस मिटले, पसरले, पुन्हा मिटले. सासऱ्यांनी डाव्या हातानं बादली जवळ ओढली.

"जित्तं वाटतंय," ते म्हणाले. "माझी काठी काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेळ्यांबरोबर आम्ही तलावावर गेलो. पलीकडं गावातले तिघं कणकेचे गोळे लावून बसले होते. त्यातला एक ओरडला, "मामा, आता केसानं मासं धरता व्हय?" तिघंही हसले. माझे कान तापले. सासऱ्यांचं लक्ष पाण्यावर. डाव्या हातानं गळ टाकायचा, बुडू द्यायचा, काठीचं टोक उचलायचं, पुन्हा बुडू द्यायचा, एवढंच चाललं होतं. त्या दिवशी एक गळ बाभळीच्या मुळांत अडकून तुटला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. रात्रीचा स्वयंपाक आवरला की मी नवे बांधत होते.

तिसऱ्या दिवशी गळ खाली बुडताना काठी एकदम वाकली. मी धावले.

"हात लावू नकोस!" ते ओरडले.

काठीचा बुंधा त्यांनी पोटाशी रोवला आणि उलट्या पावलांनी, लंगडत, चढ चढू लागले. पाणी ढवळून निघालं. ते मागं सरत होते आणि मरळ काठाकडं येत होती. शेवटी ती चिखलात आपटली. सासऱ्यांनी पायानं दाबून धरली आणि तिथंच खाली बसले. कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी मरळ, आणि जबड्यात बोकडाचे काळे केस.

ते तिघं पळत आले. ज्यानं टोमणा मारला होता, त्यानंच विचारलं, "मामा, कुठून आणला हा गळ? परळीहून?"

"आणला न्हाई," सासरे म्हणाले. दम लागला होता, तरी आवाज मोठा होता. "माझ्या सुनेनं बांधलाय."

लग्नाला वीस वर्षं झाली, पण चार माणसांत त्यांनी माझं कौतुक केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी शेळ्या हाकायच्या निमित्तानं पाठ फिरवली, कारण तोंडावरचं हसू आवरत नव्हतं.

आता तलावावर येणारे बरेचजण माझ्या अंगणात शिकायला बसतात. तो टोमणेवालाही आला. मोठाले हात, केस सारखे निसटायचे. त्याचा गळ मी बोटांत फिरवून पाहिला आणि परत दिला.

"दोरा ढिला हाय, दादा," मी म्हणाले. "उसवा."

बाजेवरून सासरे म्हणाले, "ती म्हणतीय तर उसव बे."

त्यानं उसवला.