पिवळ्या चौकोनातली द्राक्षबाग

नव्वदच्या दशकात मी नौपाड्यातल्या एका ऑफिसात उपग्रहाने पाठवलेल्या तापमानाचे नकाशे रंगवायचो. कुठल्या गावात किती थंडी पडली, पिकं कुठे करपली, हे ठाण्यात बसून सांगायचो. माझा स्वतःचा थंडीचा अनुभव म्हणाल, तर कॉम्प्युटरच्या एसी खोलीचा. चपला बाहेर काढायच्या, बायकोने विणलेला स्वेटर चढवायचा आणि आत बसून निफाडच्या द्राक्षांविषयी मत द्यायचं.

निफाडकडे माझी सासुरवाडी. त्या जानेवारीत तिथे पानांवरचं दव गोठलं. मी नकाशा केला. निळा रंग म्हणजे नुकसान, पिवळा म्हणजे सगळं ठीक. नकाशा तालुक्याला गेला, साहेबांनी पाठ थोपटली आणि मी डोंबिवलीला घरी येऊन ऐटीत म्हटलं, "अगं, आता तलाठ्याला बांधाबांधावरून हिंडायला नको."

चौथ्या दिवशी सासरे दारात. न कळवता येणाऱ्यांतले ते नव्हेत. चहाही न घेता त्यांनी पिशवीतून काळी पडलेली द्राक्षाची पानं काढून टेबलावर ठेवली.

"जावईबापू, आमचं गाव पिवळं आहे म्हणे. तलाठी पंचनाम्याला येईना. म्हणतो, वरून बघितलंय, तुमच्याकडे काही झालेलं नाही."

मी नकाशाची प्रत पसरली. "मामा, यातला एक चौकोन म्हणजे किलोमीटरभर जागा. तुमच्या चौकोनात अर्धं धरणाचं पाणी. पाणी रात्री जमिनीइतकं गार होत नाही, त्यामुळे सरासरी काढली की..."

"म्हणजे माझ्या बागेची आणि धरणातल्या बगळ्यांची सरासरी काढलीत?"

"आता शास्त्रीय भाषेत..."

"अहो, शास्त्र राहू द्या," स्वयंपाकघरातून बायको. "पाण्याचे चौकोन वगळायचे असतात, हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?"

होतं. पण ते वगळले की नकाशाला भोकं पडतात, आणि साहेबांना भोकं आवडायची नाहीत. हे माझ्या तोंडावर दिसलं असावं.

सासरे हळूच म्हणाले, "माझ्या एकट्याचं असतं तर आलो नसतो. पण गावात सगळ्यांना ठाऊक आहे, नकाशा आमच्या जावयाने केलाय."

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊनच मी साहेबांच्या टेबलाशी उभा राहिलो.

"चूक लेखी कबूल करणार?" साहेब म्हणाले. "बढतीची यादी निघायचीये, माहितीये ना?"

माझा 'हो' इतका बारीक निघाला की दोनदा म्हणावा लागला. धरणाकाठची सगळी गावं मी पांढरी केली आणि खाली लिहिलं, 'येथील नुकसान आम्हांस समजलेले नाही. प्रत्यक्ष जाऊन पाहावे.' माझ्या नोकरीतलं हे एकमेव बिनचूक वाक्य. बढती अर्थातच दुसऱ्याला मिळाली.

आठवडाभरात तलाठी गावात पोचला. सासऱ्यांनी त्याला गावातल्या एकूण एक बागा दाखवल्या आणि स्वतःची सगळ्यांत शेवटी. तोवर ऊन कलायला आलं होतं, तलाठी दमला होता. तरी सासऱ्यांनी त्याला ओळीओळीतून चालवलंच.