तांबे गावी गेले

सोमवारी सकाळी तांबे जिना उलटा उतरायचे. दोन्ही हातांनी कठडा धरून, तोंड वरच्या मजल्याकडे करून, एकेक पायरी. रविवारी मॅच असायची आणि दुसऱ्या दिवशी गुडघे सरळ उतरू द्यायचे नाहीत. मी ऑफिसला निघालेलो असलो की त्यांच्या मागे थांबायचो. "पाय संपलेत," ते म्हणायचे, "बाकी मी ठीक आहे."

तांबे हे नाव माझ्या बायकोनं ठेवलेलं. अमेरिकेतल्या हर्नडनच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वर राहणारा हा आयरिश माणूस, केस घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखे. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलता यावं म्हणून ठेवलेलं नाव इतकं रुळलं, की आमची मुलगी त्यांना तोंडावर तांबेकाका म्हणायची आणि ते ओ द्यायचे.

ते गेलिक फुटबॉल खेळायचे. त्यात बॉल हातात घेऊन पळता येतं, फक्त मध्येमध्ये तो आपटावा किंवा पायानं उडवून झेलावा लागतो. धक्के मात्र मुकाट खायचे. त्यांचा क्लब एका शाळेच्या मैदानावर जमायचा. माणसं नेहमी कमी. एकदा मलाच गोलमागे उभं केलं. बॉल आडव्या दांडीवरून गेला की एक गुण, तेव्हा पांढरं निशाण वर करायचं. ते काम मग मला चिकटलंच. तांबे बचावाला, माझ्या पुढ्यात. कॉलेजातली पोरं त्यांना चकवून जायची. ते वळायचे, मागे पळायचे, पोचायचे नाहीत. पुढच्या वेळी परत वळायचे.

"तिकडे मी खेळाडू होतो," एकदा बूट काढताना ते म्हणाले. "इथे मी फक्त हजर असतो."

तिकडे, म्हणजे गावी, ऐन विशीत त्यांची जिल्ह्याच्या संघात निवड झाली होती. हिवाळ्यात सराव सुरू होईपर्यंत अमेरिकेत खेळायचं, छपरांची कामं करायची आणि परतायचं, असं ठरलं होतं. काम बरं मिळालं, व्हिसा संपला, ते राहिले. बाहेर पडलं तर परत येता येणार नाही, म्हणून मग राहतच गेले. पुढे त्यांच्या जिल्ह्यानं कप जिंकला, तो सामना त्यांनी आमच्या सोफ्यावर पाहिला. त्यांचा धाकटा भाऊ संघात होता. सामना संपल्यावर त्यांनी पांघरलेली चादर नीट घडी करून ठेवली, चहाला थँक्यू म्हणाले आणि वर जाऊन झोपले.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या आईनं अंथरूण धरलं. आता गेलात तर दहा वर्षं परत येता येणार नाही, असं वकिलानं सांगितलं. नीट विचार करा, असं मीही म्हटलं. माझं ग्रीन कार्ड रखडलेलं. विचार करण्याची मला सवय होती.

"विचारच करत होतो," ते म्हणाले. "त्यातच चाळिशी उलटली."

शेवटची मॅच ते हरले, मोठ्या फरकानं. भाषणं झाली नाहीत, सगळ्यांना घरी जायचं होतं. त्यांना विमानतळावर सोडायला मी गेलो. वाटभर ते झोपले होते. उतरताना म्हणाले, "आता दमलो म्हणायला हरकत नाही."

ते पोचल्यावर त्यांची आई पंधरवडाभर होती. ओळखत होती, असं त्यांनी फोनवर सांगितलं. फुटबॉलचं विचारलं, तर गावच्या तिसऱ्या संघाला गोलकीपर हवाय म्हणाले. बघतोय.

माझी आई नाशिकला असते. परत येताना व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकेल या भीतीनं कितीतरी वर्षं मी तिला फोनवरच पाहत होतो. त्या आठवड्यात मी तिकीट बुक केलं.

अडकलं तर, असं बायकोनं विचारलं.

"अडकलं तर अडकलं," मी म्हणालो, आणि बॅग काढायला उठलो.