टिकलीची चिप

"उत्तर आलं का?"

हे विचारताना बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि समोरच्याकडे बघत राहायच्या. आम्ही म्हणावं, साहेबांना निरोप दिलाय; बाई म्हणणार, उत्तर आलं का? आम्ही म्हणावं, स्टोअरला चिठ्ठी पाठवलीय, पुन्हा तेच. नुसतं विचारून हात झटकणाऱ्या माणसांची त्यांना भयंकर चीड. अशी माणसं आमच्या कारखान्यात पैशाला पासरी होती. मी त्यातलाच एक, हे आधीच सांगून टाकतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. खोपोलीत शिळफाट्याजवळ आमचा कारखाना, पत्र्याची झाकणं ठोकणारा. मी तिथे इलेक्ट्रिशियन, तोही हंगामी. बाई इलेक्ट्रॉनिक्सच्या. म्हणजे त्या विभागात त्या एकट्याच. पळसदरीच्या भातशेतीवाल्या घरातली मुलगी, डिप्लोमा केलेली, पस्तिशीतली, नवरा वारलेला. एरवी ऑफिसातलं मराठी बोलायच्या. रागावल्या की गावचं बोलणं तोंडात यायचं, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत दोनदा तरी यायचंच.

आमच्या मोठ्या प्रेसला एक जुना कंट्रोल बॉक्स होता. प्रेसखाली कामगाराचा हात असेल तर प्रेस खाली येऊ नये म्हणून साहेबांनी प्रकाशाच्या किरणांवर चालणारं नवं पहारा कार्ड आणलं. ते दुसऱ्याच कंपनीचं. जुन्या बॉक्सला त्याची भाषा कळेना, म्हणून दोघांच्या मध्ये एक जोडकार्ड आलं. साहेबांना वाटलं, खोचलं की झालं. डोंबल झालं! वीज आल्याबरोबर बॉक्समध्ये जो पहिला प्रोग्रॅम चालतो, त्याला या जोडकार्डाचा पत्ताच नव्हता. ते जागं होण्याआधीच तो पलीकडच्या पहाऱ्याला विचारून मोकळा व्हायचा. आणि जोडकार्ड झोपलेलं असताना पलीकडचं काहीही विचारा, बॉक्सला एकच उत्तर ऐकू यायचं: सगळं ठीक.

बाईंनी मला हे मीटर लावून दाखवलं होतं. पहाऱ्यापुढे हात धरला, तरी सगळं ठीक.

"खोटं बोलतंय मेलं," बाई म्हणाल्या. "कोन नसलं तरी ठीक, हात असला तरी ठीक. याच्यावर माणसाचा हात सोडायचा?"

मग तो पहिला प्रोग्रॅमच नव्याने लिहायला बाई तीन आठवडे एका दोनशे पानी वहीत आकड्यांच्या जोड्या मांडत बसल्या. आधी जोडकार्डाला उठवायचं, त्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं, मगच पलीकडे विचारायचं. उत्तर आलंच नाही तर लाल दिवा लावायचा आणि प्रेस जागचा हलू द्यायचा नाही. एवढंच. पण एक आकडा चुकला की सगळं पुन्हा. चूक सापडली की वहीच आपटायच्या, आणि चहा आणणाऱ्यावर उगाच डाफरायच्या.

प्रोग्रॅम ज्या चिपमध्ये भरायचा, तिच्या पाठीवर काचेची लहानशी खिडकी असायची. तिच्यातून ऊन आत जात राहिलं की लिहिलेलं पुसलं जातं. लोक तिच्यावर कागदाची चिकटपट्टी लावायचे. बाईंनी पर्समधून मखमली टिकल्यांचं पाकीट काढलं आणि एक मोठी मरून टिकली नीट खिडकीवर बसवली. मी बघतच राहिलो.

"काय बगतोस रं? माझ्या कपाळाला लावली तर सासूला चालत नाय. हिला चालंल."

तेव्हापासून बाईंची चिप म्हणजे टिकलीची चिप. पोरं हसायची. मीही हसलो असेन.

मग पावसाळा आला. दमट हवेने जोडकार्ड कुरकुरायला लागलं, त्यात वीज दिवसातून चारदा जायची. वीज आली की लाल दिवा, प्रेस उभा, कामगार हातावर हात धरून बसलेले. साहेबांचा पारा चढायचा. बाई म्हणायच्या, कार्ड खोचतो ते सॉकेट नवीन मागवा, दिवा खोटं सांगत नाही. सॉकेटची चिठ्ठी दोन महिने साहेबांच्या टेबलावर होती. बाई रोज जाऊन विचारायच्या, उत्तर आलं का? बाईमाणसानं रोज दारात येऊन जाब विचारावा, हे साहेबांना झोंबत होतं. तुम्हीही असे साहेब बघितले असतील. त्यांना दिवा नको असतो, आणि दिवा लावणारं माणूस तर त्याहून नको असतं.

बाई वडिलांच्या आजारपणासाठी दोन दिवस रजेवर गेल्या. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि कागदी पट्टीची एक चिप हातात ठेवली. बाईंच्याच चिपेची नक्कल बाहेरून करून आणली होती, त्यातलं थांबणं तेवढं काढून टाकलेलं. म्हणाले, ही बसव आणि जुनी मला आणून दे. मला कायम करायचा कागद त्याच टेबलावर होता. साहेबांनी तो उचलला नाही की दाखवला नाही. नुसतं त्यावर पेपरवेट सरकवलं.

मी चिप बसवली. जुनी मोडली म्हणून सांगितलं आणि खिशात घातली. का ठेवली? चांगुलपणा म्हणून नाही. पुढेमागे आपल्यावर शेकू नये म्हणून.

दुसऱ्याच दिवशी सकाळी वीज गेली. काशिनाथ प्रेसवर होता, शेलूचा, माझ्याबरोबर डबा खाणारा. अडकलेलं झाकण काढायला त्याने हात आत घातला. पाय सवयीने पेडलवर होता. वीज आली. बॉक्सने झोपलेल्या जोडकार्डाला विचारलं आणि त्याने सांगितलं, सगळं ठीक.

उजव्या हाताची चार बोटं गेली.

चौकशीला वरचे तीन अधिकारी आले. साहेबांनी सरळ बाईंवर खापर फोडलं: प्रोग्रॅम यांचा, वही यांची, अक्षर यांचं. त्या दिवशी बाईंनी गावचा एक शब्द वापरला नाही. शांतपणे म्हणाल्या, "ही चिप माझी नाही. माझ्या चिपेवर टिकली असते." अधिकारी एकमेकांकडे बघून हसले. टिकली! साहेबही हसले. असा राग आला होता मला त्या हसण्याचा, की टेबल उलथून टाकावं.

कसलं काय. त्यांनी मला विचारलं, बॉक्स तुझ्या ताब्यात असतो, तू चिप बदललीस का? टिकलीची चिप माझ्या खिशात होती. माझा हात तिच्यावर होता.

मी म्हणालो, "नाही."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. विचारलं मात्र काही नाही.

त्यांना काढलं. निष्काळजीपणाचा शिक्का मारून काढलं, म्हणजे दुसरीकडेही कुणी उभं करणार नाही. मी आठवड्याने कायम झालो. तो कागद हातात आला त्या संध्याकाळी बाई हिशेब घेऊन शिळफाट्यावर टेंपोची वाट बघत उभ्या होत्या. मी धावत गेलो आणि चिप त्यांच्यापुढे धरली. वाटलं, थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी चिपेला हातही लावला नाही. "मला कशाला दावतोस? ती माझी हाय ते मला ठावं हाय. काशिनाथला नेऊन दाव. आन् तो काय बोलतो ते मला येऊन सांग."

टेंपो आला, त्या गेल्या. पुढे कुठे तरी शिकवण्या घेत होत्या असं ऐकलं. मग तेही ऐकू येईना.

काशिनाथ शेलूला स्टेशनाबाहेर भाजी विकतो. डाव्या हाताने तराजू धरतो. मला बघितलं की तोच हात वर करून हाक मारतो, उरलेली मेथी पिशवीत कोंबतो. मी घेतो. आजवर कितीदा चिप खिशात घालून गेलोय, आणि मेथी घेऊन परत आलोय.

चिप कपाटात असते. टिकलीचा गोंद वाळलाय, एका बाजूने कड उचलली जाते. ती मी अंगठ्याने दाबून बसवतो. ऊन आत गेलं तर बाईंनी लिहिलेलं पुसलं जाईल.